दुसरा दम

'दम' हा शब्द मूळचा फारसी. श्वास हा त्याचा अर्थ. मराठी, हिंदी, कानडी अशा तिन्ही भाषांनी तो आपापल्या घरी ठेवून घेतला. कानडीत त्याचा 'दम्मु' झाला. मराठीने तर त्याला हरकामी करून टाकले. धावल्यावर दम लागतो, चढावर दम छाटतो, मास्तर दम देतात आणि आई म्हणते, 'जरा दम खा.' आखाड्यातले वस्ताद पठ्ठ्याचा दमसास पाहतात. या लेखात ज्या आजाराची हकीकत सांगायची आहे, त्याची लक्षणे, त्यावरचा उपाय आणि त्याच्या रोग्यांवर झालेला अन्याय, तिन्ही गोष्टी याच शब्दाभोवती फिरतात.

साल १९५१. लंडनच्या गाइज इस्पितळातील डॉक्टर ब्रायन मॅकार्डल यांनी तीस वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाला लहानपणापासून एकच तक्रार होती. कोणत्याही स्नायूने थोडे काम केले की तो आधी दुखे, मग दुबळा होई आणि तरीही रेटले तर ताठरून जाई. चालताना पाय, ओझे उचलताना दंड, इतकेच काय, घास चावताना जबडादेखील. थांबले की काही वेळाने सारे पूर्ववत. स्वस्थ बसलेल्या या माणसात तपासणाऱ्या डॉक्टरला काहीच सापडत नसे. असल्या रोग्यांची बोळवण पुढेही कित्येक वर्षे 'मनाचे खेळ आहेत' असे सांगून होत राहिली.

मॅकार्डलनी ती केली नाही. त्यांनी रोग्याच्या दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा तोडला आणि त्याला मूठ उघडमीट करायला लावली. असे केल्यावर निरोगी माणसाच्या हातातल्या रक्तात लॅक्टिक आम्ल कितीतरी पटींनी वाढते. या गृहस्थाच्या रक्तात ते वाढलेच नाही. हात मात्र वेदनेने आखडून गेला. आखडलेल्या स्नायूत सुई घालून विद्युत्‌प्रवाहाची नोंद घेतली, तर तेथे पूर्ण शांतता. आपल्या पायात गोळा येतो तेव्हा स्नायूत विजेचा कल्लोळ चाललेला असतो. इथे मज्जातंतूंचा काही हुकूम नसताना स्नायू आपोआप आवळून बसला होता. शरीराबाहेर काढलेल्या त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल नेहमीसारखे तयार होत होते. अ‍ॅड्रेनलीन टोचले की रक्तातील साखरही रीतसर वाढत होती. म्हणजे यकृत ठीक, रक्त ठीक. दोष होता तो स्नायूंतच आणि तोही नेमका एका जागी. स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन फोडून त्याचे लॅक्टिक आम्लापर्यंत रूपांतर करण्याचे काम तेथे होत नव्हते.

ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साखरेचे कण एकमेकांना जोडून केलेला साठा. जुनी पाठ्यपुस्तके त्याला प्राणिज स्टार्च म्हणत. आपल्याकडे पूर्वी जमिनीत पेवे असत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे पुष्कळांनी पाहिलेली आहेत. स्नायूतले ग्लायकोजेन हे तसले पेव समजावे. एकदम जोर लावायचा झाला, जिना चढायचा झाला, सुटणारी बस धरायची झाली की स्नायू आधी या पेवातले धान्य काढतो, कारण ते हाताशी असते. आपल्या रोग्याचे पेव काठोकाठ भरलेले होते, पण त्याचे तोंडच उघडत नव्हते.

मॅकार्डलना हा तर्क सुचला, त्यामागे तीस वर्षांचे संशोधन होते. १९२२ सालचे नोबेल पारितोषिक ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहोफ यांना स्नायूंवरील कामाबद्दलच मिळाले होते. त्यानंतर अनेक वर्षे शास्त्रज्ञांची समजूत अशी की लॅक्टिक आम्ल तयार होते म्हणूनच स्नायू आकुंचन पावतो. १९३० साली कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी ही समजूत मोडली. आयोडोॲसिटेट नावाचे विष दिलेल्या प्राण्यांचे स्नायू लॅक्टिक आम्लाचा थेंबही तयार न करता काही वेळ काम करतात आणि मग लाकडासारखे ताठ होतात, असे त्यांना आढळले. मॅकार्डलनी आपल्या रोग्याचा आखडलेला हात पाहिला तेव्हा त्यांना हेच विष दिलेले स्नायू आठवले. या माणसाला कोणी विष दिलेले नव्हते. जन्मतःच त्याच्या स्नायूंत काहीतरी कमी होते.

काय कमी होते ते कळायला १९५९ साल उजाडले. ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, नाव फॉस्फोरिलेज. गेर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने ते शोधून काढले होते आणि १९४७ साली दोघांना नोबेल मिळाले होते. १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये मॉमर्ट्स, पिअर्सन आणि त्यांचे सहकारी यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे श्मिड आणि माहलर यांनी दाखवून दिले की अशा रोग्यांच्या स्नायूंत फॉस्फोरिलेज नसते. यातून एक वेगळाच निकाल लागला. ग्लायकोजेन तयार करणारे आणि फोडणारे विकर एकच, असा तोवरचा समज होता. आता फॉस्फोरिलेज मुळीच नसलेल्या स्नायूंत ग्लायकोजेन खच्चून भरलेले दिसले. मग ते भरले कोणी? अर्जेंटिनाचे लुई लेल्वा ग्लायकोजेन घडवणारी निराळी वाट त्याच सुमारास मांडत होते. तिला या रोग्यांनी मूक साक्ष दिली. लेल्वांना १९७० साली नोबेल मिळाले.

विज्ञानाच्या पदरात अशा रोग्यांनी पुष्कळ टाकले आहे. रक्तात आम्ल वाढते म्हणून धाप लागते, असे पुस्तकात लिहिलेले असे. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की या रोग्यांच्या रक्तात आम्ल वाढत नसूनही त्यांना जोराची धाप लागते. तेव्हा पुस्तकातले ते वाक्य तितकेसे सरळ राहिले नाही. पण या सगळ्यात रोग्याच्या पदरात काय पडले?

लॉस एंजेलिसच्या कार्ल पिअर्सन यांचा रोगी होता एकोणीस वर्षांचा. १९६१ साली त्याच्याविषयी सविस्तर लिहिताना त्यांनी एका गोष्टीची नोंद केली. मुलगा चालू लागला की थोड्याच वेळात पाय भरून येत. अशा वेळी तो हट्टाने पुढे गेला तर जागीच अडकून पडे. पण दुखायला लागताच त्याने वेग कमी केला किंवा क्षणभर थांबून पुन्हा हळूहळू चालणे सुरू ठेवले, तर काही मिनिटांनी दुखणे विरून जाई आणि मग तो बराच वेळ आरामात चालू शके. खेळाडूंच्या भाषेतला शब्द घेऊन पिअर्सननी याला 'सेकंड विंड' म्हटले. आपण दुसरा दम म्हणू.

हे घडते कसे? पेव बंद असले तरी बाजार उघडा असतो. यकृतातील साखर आणि शरीरातील चरबीतून सुटणारी मेदाम्ले रक्तावाटे स्नायूंना मिळू शकतात. फक्त ही आवक सुरू व्हायला वेळ लागतो, साधारणपणे आठ-दहा मिनिटे. तेवढ्या वेळात रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जास्त रक्त पाठवू लागते, मेदाम्ले सुटतात. पहिल्या सहा-सात मिनिटांत रोग्याची नाडी भराभर चढते, जणू तो धावतो आहे. मग वेग तोच असूनही ती मिनिटाला वीस-तीस ठोक्यांनी खाली येते. चालता चालता नाडी उतरणे ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही स्नायुरोगात अशा ठळकपणे दिसत नाही. कोपनहेगनचे जॉन व्हिसिंग आणि डॅलसचे रोनाल्ड हॅलर यांनी २००३ साली याच गोष्टीवर सायकलची एक सोपी परीक्षा बसवली. पंधरा मिनिटे एकाच जोराने सायकल मारायची आणि नाडी मोजत राहायची. दंड आवळून हात आखडवणाऱ्या जुन्या परीक्षेची आता गरज राहिली नाही. तिच्यात स्नायूला इजाही होत असे.

आता खंत वाटावी अशी गोष्ट. उपायाचा धागा १९६१ सालीच हाती आला होता. हळू सुरुवात करून चालत राहिले की हा माणूस चालू शकतो, हे छापून आले होते. रोग्यांना तर ते त्याआधीपासून ठाऊक होते, कारण शाळेच्या वाटेवर प्रत्येकाने ते आपल्या पायांनी शिकून घेतले होते. असे असूनही पुढची तीस-चाळीस वर्षे बहुतेकांना मिळालेला वैद्यकीय सल्ला एकच होता: व्यायाम टाळा, श्रम करू नका, जपून राहा.

डॉक्टरांना नुसते दोषी ठरवून चालणार नाही. त्यांची भीती खरी होती. आखडलेला स्नायू तसाच रेटला तर त्याचे तंतू फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते. मग लघवी काळपट तांबडी, कोऱ्या चहाच्या रंगाची होते. मायोग्लोबिन जास्त झाले तर मूत्रपिंडे बंद पडण्यापर्यंत मजल जाते. शिवाय या रोग्यांच्या रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचे विकर बसल्या जागीही कितीतरी पट वाढलेले असते आणि ते स्नायू झिजत असल्याची खूण मानले जाते. ज्याचे स्नायू स्वस्थ बसूनही झिजतात, त्याला पळ म्हणून कोण सांगेल? एकदा काळी लघवी झालेला रोगी पाहिला की पुढच्या रोग्याला खुर्चीत बसवून ठेवणे हेच शहाणपण वाटणार.

मात्र खुर्चीचेही परिणाम असतात. निरोगी माणूस महिनाभर अंथरुणावर पडून राहिला तर त्याचे हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकू लागते, स्नायूंतल्या केशवाहिन्या कमी होतात, इंधन जाळणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया घटतात. ज्याचे पेव उघडे आहे त्याचे यात निभावून जाते. ज्याचा सारा संसार रोजच्या बाजारावर, त्याच्या वाटेवरचे पूल मोडले तर तो काय करणार? बसून राहिल्याने दम कमी होतो, दम कमी झाल्याने थोड्या श्रमानेही स्नायू आखडतो, आखडतो म्हणून माणूस आणखी बसून राहतो. हॅलर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून डॅलसमध्ये या रोग्यांना सायकलवर बसवून मोजमापे घेत होते. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची या रोग्यांची कमाल क्षमता निरोगी माणसाच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यातले आजाराने किती हिरावले आणि बसून राहण्याने किती, हा प्रश्न त्यांना पडला.

त्याचे उत्तर २००६ साली प्रसिद्ध झाले. आठ रोगी, चौदा आठवडे. आठवड्यातून चार दिवस, तीस ते चाळीस मिनिटे, हळू सायकल. नाडी कमाल वेगाच्या ६० ते ७० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, हा नियम. चौदा आठवड्यांनंतर श्रम करण्याची क्षमता सरासरी ३६ टक्क्यांनी वाढली, प्राणवायूचा वापर १४ टक्क्यांनी, हृदयाचे रक्त फेकण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी. मायटोकॉन्ड्रियातील सायट्रेट सिन्थेज हे विकर तर ८० टक्क्यांनी वाढले. पंचेचाळीस वर्षे जिची धास्ती होती, ती गोष्ट घडली का? नाही. कोणाचे स्नायू आखडले नाहीत आणि क्रिएटिन कायनेज वाढले नाही. आठ माणसे म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, हे मान्य. पण हा आजारच लाखात एखाद्याला. इतके रोगी चौदा आठवडे गोळा करणे हेही सोपे काम नव्हते.

दुसऱ्या वर्षी स्पेनमधून आलेहांद्रो लुसिया आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. नऊ रोग्यांनी आठ महिने, आठवड्यातून पाच दिवसांपर्यंत चालणे आणि सायकल यांचा सराव देखरेखीखाली केला होता. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता ४४ टक्क्यांनी वाढली होती. २०१२ साली स्पेनने आपल्या २३९ रोग्यांची नोंदवही तपासली, तेव्हा हिंडते-फिरते रोगी बैठ्या रोग्यांपेक्षा कमी त्रासात असल्याचे दिसले. (कमी त्रास होता म्हणून ते हिंडत होते, असे कोणी म्हणू शकेल. नुसत्या नोंदवहीने कारण सिद्ध होत नाही. डॅलसची चौदा आठवडे म्हणूनच महत्त्वाची.) २०१४ साली वजने उचलण्याचा हलका सरावही सात रोग्यांनी चार महिने सुरक्षितपणे केल्याचे त्याच गटाने दाखवले. ब्रिटनमध्ये तर रोग्यांच्या संघटनेने वेल्सच्या डोंगराळ मुलखात चालण्याची शिबिरे भरवली. खुर्चीत बसा म्हणून ज्यांना सांगितले गेले होते, ती माणसे पाठीवर पिशवी टाकून चढ चढू लागली.

साखरेची कथाही इथेच सांगितली पाहिजे. २००३ साली व्हिसिंग आणि हॅलर यांनी बारा रोग्यांना सायकलीवर बसण्याआधी अर्ध्यापाऊण तासाने ७५ ग्रॅम साखर घातलेले पेय दिले. बाजारात माल आधीच येऊन पडला. पहिल्या मिनिटांतली ती जीवघेणी चढण जवळजवळ सपाट झाली आणि नाडी सुरुवातीपासून खालीच राहिली. पुढे २००८ साली ३७ ग्रॅम साखर पाचच मिनिटे आधी देऊनही काम भागते असे दिसले. पण रोज असे सरबत प्यायले तर वजन वाढेल आणि वाढलेले वजन या रोग्याला दुप्पट जड. आणखीही एक सावधगिरी आहे. जपानच्या तारुई यांनी १९६५ साली वर्णन केलेला याचाच एक भाऊबंद आजार आहे. त्यात अडचण काही पायऱ्या पुढे असते, त्यामुळे रक्तातून आलेली साखरदेखील स्नायूला जाळता येत नाही. त्या रोग्याला साखर दिली की मेदाम्ले सुटायची थांबतात आणि तो आणखी लवकर गळून जातो, असे हॅलर आणि लुईस यांनी १९९१ साली दाखवले. दोघांच्या तक्रारी ऐकायला सारख्याच, पण एकाचे औषध दुसऱ्याला अपथ्य. नेमके निदान झाल्याशिवाय शेजाऱ्याचा उपाय आपल्या मुलावर करू नये, तो यासाठी.

आपल्या वाचकांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. हा आजार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. दोघेही वरून ठणठणीत असतात आणि प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न झाले की एकाच पूर्वजाचे सदोष जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची चाल आणि कर्नाटकातली मामा-भाचीच्या लग्नाची चाल, दोन्ही सीमाभागात शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांचा नकाशाच मांडला आहे. त्यात आपला मुलूख उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर येतो. म्हणून असे घर आपल्या ओळखीत निघणारच नाही असे समजू नये.

त्या घरातले मूल कसे ओळखावे? ते शाळेच्या कवायतीत पहिल्या फेरीतच मागे पडते. शंभर मीटर धावून आले की पाय धरून बसते. हापशावर चार दांडे मारले की हात भरून येतात. मास्तर दम देतात, पोरे हसतात, घरी 'कामचुकार' म्हणून संभावना होते. आणि तेच मूल जत्रेला जाताना सुरुवातीला रडतखडत, पण पुढे तासन्‌तास चालताना दिसते, म्हणजे ढोंगाचा पुरावाच मिळाला! ज्या गोष्टीवरून आजार ओळखायचा, तीच त्याच्यावरच्या आरोपाला साक्षीदार होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय नोंदवहीत पहिल्या त्रासापासून निदानापर्यंत सरासरी तीसएक वर्षे गेल्याचे दिसते. बहुतेकांना लक्षणे दहाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली होती. म्हणजे शाळा, कॉलेज, नोकरीची पहिली वर्षे, सगळी दम खाण्यात नव्हे, दम ऐकण्यात गेली. आज हे निदान अवघड नाही. रक्तातील क्रिएटिन कायनेज पाहायचे, संशय आला तर जनुकाची तपासणी करायची. ती भारतातही होते आणि स्नायूचा तुकडा काढावाच लागतो असे राहिलेले नाही. श्रमानंतर लघवी काळपट तांबडी झाली तर मात्र घरी वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

२०२१ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून या आजाराच्या उपचाराची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत नियमित, बेताच्या जोराचा व्यायाम हा उपचाराचा मुख्य भाग म्हणून सांगितला आहे. विकर परत आणणारे औषध अजून नाही. जीवनसत्त्वे, क्रिएटिन, प्रथिनांचा खुराक असे पुष्कळ प्रयोग झाले, त्यांतून फारसे निघाले नाही. जोर लावून ढकलणे, उचलणे, एकाच जागी ताण धरून ठेवणे, एकदम धावणे या गोष्टी अजूनही वर्ज्यच आहेत. सरावाला सुरुवात जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली करायची असते.

या रोग्यांच्या काही सवयी जगभर सारख्याच आढळतात. चौघांबरोबर चालताना पाय भरून आले, की ते खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात. दुकानाच्या काचेपुढे उभे राहून नको असलेल्या वस्तूंचे भाव वाचतात. चढावर असतील तर मागे वळून, देखावा किती छान आहे म्हणतात. बरोबरचे पुढे निघून जातात. आठ-दहा मिनिटे अशी कशीबशी काढली, की पाय मोकळे होतात. मग ते मागून येऊन सगळ्यांना गाठतात आणि वरच्या पायरीवर बसून बाकीच्यांची वाट पाहतात.